रब्बी पेरायच्या आधी करंटचे तास मोजा

दसरा झाला, भात कापणीला आलंय, दिवाळी झाली की सगळे मसूर-हरभऱ्याच्या मागं लागणार. त्याआधी एक काम करा मंडळी, विहिरीत किती परस पाणी आहे ते जसं डोकावून बघता तसं थ्री फेज, म्हणजे शेतीच्या मोटरी चालवणारा करंट, किती तास टिकतो ते आठ दिवस वहीत लिहून काढा. २०२३ विसरलात काय? पाऊस गेला आणि ऑक्टोबरात ७ तासांचा थ्री फेज ५ तासांवर आला, विहिरीत पाणी दिसायलंय पण वर काही येईना. आपल्या कर्नाटकात शरावती आणि काळी नदीच्या धरणांवर बरीच वीज तयार होते, पाऊस रुसला की तिकडं धरणात पाणी कमी आणि नेमकं त्याच वर्षी इकडं आपण सगळ्यांनी मोटरी लवकर चालू केलेल्या असतात, मग व्हायचं ते होतंय.

आता हिशोब बघा. २०० लिटरचं बॅरल घ्या, मोटरचा पाइप त्यात सोडा आणि मोबाईलवर सेकंद मोजा. ४० सेकंदात भरलं तर तासाला १८ हजार लिटर. पाटानं एक पाळी म्हणजे ५ सेंटीमीटर पाणी धरलं तर गुंठ्याला ५ हजार लिटर, एकराला २ लाख. म्हणजे ११ तास मोटर पाहिजे. करंट ५ तास असेल तर दोन दिवसांत एक एकरसुद्धा पुरं भिजत नाही, त्यात मधी दोनदा लाईट गेली की कोरडा पडलेला पाटच परत भिजवत बसा. तेच भाजीला ठिबक असेल तर थंडीत एकराला दिवसाला १५-१६ हजार लिटरात भागतंय, तासाभराचं काम. मी काय ठिबकचा एजंट नाही ओ, पण ज्यांच्याकडं ठिबक नाही त्यांनी कोबी-फ्लॉवर दोन एकर लावायच्या जागी वीस गुंठेच लावावं आणि बाकीच्यात मसूर टाकावा, असं माझं स्पष्ट मत.

मसूर, हरभरा, वाटाणा ही आपल्या काळ्या जमिनीतली ओलीवर येणारी पिकं. बेळगावजवळच्या येळ्ळूर, वडगाव, अनगोळच्या शिवारात बळ्ळारी नाल्याचं पाणी उशिरा हटतंय, तिथं घाई करून चिखलात पेरू नका, वाफसा येऊ दे, म्हणजे चिखल जाऊन माती मोकळी होऊ दे. हरभऱ्याचं बी रात्री आठ तास भिजवून सकाळी सावलीत सुकवून पेरलं तर उगवण लवकर होते, मात्र जमिनीत ओल असेल तरच, नाहीतर भिजवलेलं बी वाया. १० किलो बियाला २५० ग्रॅम रायझोबियम या जिवाणू खताचं पाकीट चोळा. पाणी द्यायला जमलंच तर पहिलं ३० ते ३५ दिवसांनी फांद्या फुटताना, दुसरं घाटे भरताना, बास. जास्त पाणी दिलं की नुसता पाला वाढतोय.

मोटरीचं सांगायचं राहिलं. आमच्या टीसीवर (ट्रान्सफॉर्मरवर) सगळ्यांचे ऑटो स्टार्टर, करंट आला की सगळ्या मोटरी एकदम उठतात, व्होल्टेज बसतंय. माझी मोटर अशीच जळाली, रिवाइंडिंगला दिली तर पंधरा दिवस मिळाली नाही आणि तोवर मिरचीची पानं गळून गेली. तेव्हा शेजाऱ्यांशी बोलून ऑटोच्या टायमरला कुणी दोन मिनिटं, कुणी चार, कुणी सहा असा फरक ठेवा. एक फेज गेला की मोटर बंद करणारा सिंगल फेज प्रिव्हेंटर बसवा, कपॅसिटर चालू आहे का बघा, पाइपच्या पाण्यातल्या टोकाचा फूट व्हॉल्व्ह गळत असेल तर आजच बदला, कारण ५ तासांतली वीस मिनिटं पाणी चढवण्यातच जाणं परवडत नाही.

सगळीकडं एकच इलाज चालत नाही. खानापुरात जांबोटी-कणकुंबीकडं पाऊस धो धो, पण जंगलातून आलेल्या लाईनवर झाड पडलं की दोन दोन दिवस अंधार. तिकडं उतार आहे, तर नाल्यावर आत्ताच, पाणी वाहायलंय तोवर, सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती भरून बंधारा घाला आणि काळा पाइप टाकून उतारानं पाणी वाफ्यात आणा, मोटरच नको. निपाणी-चिक्कोडीच्या नदीकाठी उसाचा पाला पेटवू नका, सरीत पसरा आणि एक आड एक सरी पाणी द्या. तिथं २०१९ आणि २०२१ ला पुरात स्टार्टर बुडाले, ज्यांनी स्टार्टरचा बोर्ड अजून खालीच ठेवलाय त्यांनी या हंगामात वर घ्यावा. अथणीच्या कोरड्या भागात सरळ शाळू (रब्बी ज्वारी) पेरा आणि शेततळ्यातलं पाणी पोटरीच्या, म्हणजे कणीस बाहेर पडायच्या आधीच्या वेळेला राखून ठेवा.

सोलर पंपाचं बरेच जण विचारायलेत. रब्बीत ऊन स्वच्छ असतंय म्हणून फायदा आहे, रात्री सापाकिरड्यात जायला नको हेही आहेच. पण पॅनलवर झाडाची सावली पडता कामा नये आणि पहाटे-संध्याकाळी पाणी कमी येतंय, तर दिवसा एखाद्या टाकीत किंवा तळ्यात साठवायची सोय आधी करा.

बी सवलतीत पाहिजे असेल तर कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्रात उतारा आणि आधार घेऊन जा, फ्रूट्स या सरकारी शेतकरी नोंदणीचा एफआयडी नंबर निघालाय का ते आधी तपासा, आणि उताऱ्यावर नाव चुकलं असेल तर ते आत्ताच दुरुस्तीला टाका, कारण गर्दीच्या दिवशी काउंटरवर कुणी ऐकून घेत नाही.