चिल्टर्नच्या रानातली गोल फेरी: या चुका टाळा

लंडनच्या मॅरिलबोन स्टेशनवरून रेल्वेने तासाभराच्या आत चिल्टर्न टेकड्यांमधलं वेंडोव्हर गाव येतं. तिथून रिजवे नावाच्या लांब पायवाटेने कूम हिलचा २६० मीटर उंचीचा माथा, मग बीच वृक्षांच्या रानातून डन्समोर नावाची छोटी वस्ती आणि परत वेंडोव्हर. फेरी साधारण १० किलोमीटरची, एकूण चढ अडीचशे मीटरच्या आसपास. सह्याद्री पायाखाली घातलेल्यांना हे आकडे किरकोळ वाटतात आणि फसगत तिथेच होते. दम काढणारा चढ इथे फारसा नाही. माणसं चुकतात ती फाट्यांवर.

बाण दिसला म्हणून वळणं

ही सगळ्यात मोठी चूक. खांबावरचा पिवळा बाण एवढंच सांगतो की ही पायी जाण्याची सार्वजनिक हक्काची वाट आहे आणि ती या दिशेला जाते. निळा बाण असेल तर त्या वाटेवर घोडे आणि सायकलीही येतात. चिल्टर्नमध्ये झाडांच्या खोडांवर पांढऱ्या रंगानेही बाण काढलेले असतात. यातला एकही बाण तुमच्या फेरीसाठी लावलेला नाही. एकाच खांबावर तीन दिशांचे तीन बाण असतात आणि तिन्ही आपापल्या जागी बरोबर असतात.

या फेरीत नेमकं काय होतं ते पाहा. कूम हिलवरून पुढे निघालं की ओकच्या फळाचं, म्हणजे एकॉर्नचं चिन्ह दिसत राहतं. ते रिजवे या १३९ किलोमीटरच्या राष्ट्रीय वाटेचं चिन्ह. त्याच्यामागे गेलात तर डन्समोरचा फाटा सुटतो आणि तुम्ही चेकर्स, म्हणजे ब्रिटिश पंतप्रधानांच्या ग्रामीण निवासस्थानाच्या आवारातून जाणाऱ्या वाटेवर पोचता. तिथे ठरलेली वाट सोडून संरक्षित भागात शिरणं हा फौजदारी गुन्हा आहे. वाटेवर राहिलात तर भीती नाही, पण ती वाट प्रिन्सेस रिसबरोकडे जाते, वेंडोव्हरकडे नाही.

यावर उपाय म्हणजे ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेचा एक्सप्लोरर १८१ हा नकाशा. त्यावर ४ सेंटीमीटर म्हणजे १ किलोमीटर. हिरवी तुटक रेघ ही हक्काची वाट, नुसती काळी तुटक रेघ म्हणजे जमिनीवर वाट आहे, पण हक्क असेलच असं नाही. निघण्यापूर्वी प्रत्येक फाट्याची नोंद करा: मागच्या फाट्यापासून किती मीटर, कोणत्या दिशेला वळायचं, आणि वळल्यावर चढ लागणार की उतार. यातली शेवटची नोंद सगळ्यात कामाची. सायकलवाल्यांनी पाडलेल्या वाटा नकाशावर नसतात आणि नोव्हेंबरात पाचोळ्याखाली खरी वाट कोणती तेही कळत नाही, पण उतार हवा तिथे चढ लागला तर चूक लगेच लक्षात येते.

चुकलातच तर आडवं घुसून ‘पुढे कुठेतरी वाट मिळेल’ असं करू नका. खात्रीने ओळखलेल्या मागच्या फाट्यापर्यंत परत जा. मोबाइलवरचा नकाशा घरीच उतरवून घ्या आणि थंडीत फोन आतल्या खिशात ठेवा, कारण गारठ्यात बॅटरी भराभर उतरते.

चिखलाला कमी लेखणं

माथ्यावर गारगोटीमिश्रित चिकणमाती, उतारावर खडूचा पांढरा, मऊ दगड. माती बुटाच्या तळव्यातल्या खाचा भरून टाकते आणि मग ओल्या खडूवर पाय ठरत नाही. ऑक्टोबर ते मार्च गुळगुळीत तळव्याचे धावायचे बूट नकोत. खोल खाचांचे, घोट्यापर्यंतचे बूट घाला आणि उतार लागण्यापूर्वी काठीच्या टोकाने खाचा मोकळ्या करा. चिखल टाळायला कडेने जाऊ नका, त्याने वाट रुंदावते आणि वसंतात ब्लूबेलची रानफुलं तुडवली जातात.

वेळेचा अंदाज

चालायला किती वेळ लागेल ते काढायचा नेस्मिथचा नियम असा: ताशी ५ किलोमीटर, शिवाय दर ६०० मीटर चढाला एक तास. या फेरीचे होतात सुमारे २ तास २५ मिनिटं. चिखल, फाटे आणि डबा धरून चार तास ठेवा. डिसेंबरात चारच्या आधी सूर्य मावळतो आणि रानात त्याआधीच अंधारून येतं. सकाळी दहाला निघा, डोक्याला बांधायचा टॉर्च बरोबर असू द्या.

गुरं, फांद्या, गोचीड

वासरं असलेल्या गाईंच्या मधून जाऊ नका, लांबून वळसा घाला. बरोबर कुत्रा असेल आणि गाई अंगावर आल्या तर त्याची दोरी सोडून द्या. गाईंचा रोख कुत्र्यावर असतो आणि तो पळून वाचतो. जोराच्या वाऱ्यात रानात जाणं टाळा: बीचच्या मोठ्या फांद्या तुटून पडतात आणि रोगाने वाळलेले अ‍ॅशचे वृक्षही ठिसूळ झालेले असतात.

घरी आल्यावर गुडघ्यामागे, जांघेत, काखेत गोचीड तपासा. चिकटलेली असेल तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सावकाश सरळ वर ओढा. तेल, पेटती काडी, नेलपॉलिश काही लावू नका. मग जंतुनाशकाने पुसा आणि तारीख लिहून ठेवा. पुढच्या काही आठवड्यांत तिथे पसरत जाणारा चट्टा दिसला तर डॉक्टरांना गोचीड चावल्याचं आवर्जून सांगा. गोचीड चावल्याने होणाऱ्या लाइम रोगावर वेळेत प्रतिजैविकं मिळायला हवीत.

मदत मागताना

९९९ या ब्रिटनच्या आपत्कालीन नंबरला फोन केल्यावर ‘जंगलात आहे’ एवढं सांगून भागत नाही. नकाशावरच्या चौकटींवरून जागा सांगणारा ग्रिड संदर्भ द्या: दोन अक्षरं आणि सहा अंक, म्हणजे शंभर मीटरचा चौकोन. रेंज क्षीण असेल तर संदेश जाऊ शकतो, पण त्यासाठी आधी नोंदणी लागते. ब्रिटनच्या नंबरवरून ९९९ ला इंग्रजीत ‘रजिस्टर’ असा संदेश पाठवा आणि आलेल्या उत्तराला ‘येस’ म्हणा. हे घरूनच करून निघा.