बाहेरून गुळगुळीत दिसणारं हृदयही चिरून बघा

मेलेली ब्रीडर (उबवणीच्या अंड्यांसाठी पाळलेली) कोंबडी टेबलावर आली की मी पूर्वी हृदय उचलायचो, बाहेरून पडदा-पाणी काही नाही असं दिसलं की बाजूला टाकायचो. एका कळपात ऐन अंड्यांच्या भरात रोज एकदोन पक्षी जास्त जात होते आणि मी नोंदवहीत पंधरा दिवस ‘अचानक मृत्यू’ लिहीत होतो. मग एकदा सुरी घसरली, हृदय चिरलं गेलं आणि आत झडपेला चिकटलेला पिवळट, खरबरीत गोळा दिसला. तेव्हापासून हृदय न कापता एकही पोस्टमॉर्टेम संपवत नाही.

हा एन्डोकार्डायटिस, म्हणजे हृदयाच्या झडपेला झालेला जंतुसंसर्ग. जिवंत पक्ष्यात हा आजार ओळखणं जवळपास अशक्य. कोंबडी मलूल होते, तुरा फिका किंवा निळसर पडतो, कधी लंगडते, कधी काहीच न दाखवता मरते. म्हणून ताजे मेलेले तीन-चार पक्षी तरी उघडा. सडलेल्या पक्ष्यात वाट्टेल ते जंतू वाढतात, त्यावरून काही ठरवू नका.

हातमोजे आणि मास्क घाला. झडपेवर बसणाऱ्या जंतूंमध्ये एरिसिपेलोथ्रिक्सही असतो, तो हाताच्या जखमेतून माणसाला लागतो. पिसं साबणपाण्याने भिजवा, छातीचा पिंजरा उचला आणि लगेच हृदयाकडे धावू नका. आधी यकृत आणि प्लीहा बघा. प्लीहा फुगलेली, यकृताच्या कडेला फिका, ठळक सीमेचा डाग असेल तर माझा संशय पक्का होत जातो. झडपेवरच्या गोळ्याचे तुकडे सुटून रक्तातून जातात, बारीक नळ्या बुजवतात आणि पुढचा भाग मरतो. तोच हा डाग. मूत्रपिंडातही तो सापडतो. पण नुसत्या फुगलेल्या प्लीहेवर विसंबू नका, ल्युकोसिस या विषाणूजन्य गाठींच्या रोगातही ती फुगते.

आता हृदय. वरच्या मोठ्या रक्तवाहिन्यांचा थोडा भाग ठेवून कापून घ्या. डाव्या कप्प्याची भिंत जाड असते. टोकापासून वर कात्री चालवा आणि पुस्तकासारखं उघडा. निरोगी झडप पातळ, चकचकीत, दोऱ्यांनी बांधलेली दिसते. बहुतेक वेळा रोग इथेच असतो. तिथूनच कात्री महाधमनीत सरकवा, तिची झडपही बघा. मग उजवी बाजू. इथे नवशिके फसतात, मीही फसलो होतो: कोंबडीची उजवी झडप मुळातच जाड, मांसल असते. ती बघून ‘सूज’ लिहू नका.

दुसरा घोळ रक्ताच्या गुठळीचा. मेल्यानंतर साकळलेली गुठळी गुळगुळीत असते, चिमट्याने अलगद निघते. रोगाची वाढ झडपेला घट्ट धरून असते, पृष्ठभाग फुलकोबीसारखा, ओढली तर कुस्करते. शंका आली की पाण्याखाली धरून बघायचा मोह होतो, पण नमुना घेण्याआधी पाणी नको.

आत असा गोळा दिसला की पुढच्या पक्ष्याचं हृदय न उघडता, निर्जंतुक डबीत, बर्फाच्या पिशवीसोबत प्रयोगशाळेत पाठवा. गोठवू नका. फॉर्मेलिनमध्ये बुडवलेल्या तुकड्यातून जंतू वाढत नाहीत, तो फक्त ऊतींच्या तपासणीसाठी वेगळा ठेवा. बहुधा एन्टेरोकॉकस, स्ट्रेप्टोकॉकस किंवा स्टॅफिलोकॉकस निघतो. औषध मात्र संवेदनशीलता चाचणीनंतर (जंतू कोणत्या औषधाला दबतो ते बघून), पशुवैद्यकाच्या सांगण्यावरूनच. एन्टेरोकॉकसवर सेफॅलोस्पोरिन गटाची औषधं मुळातच चालत नाहीत, तेव्हा अंदाजाने दिलेलं औषध वाया जाण्याचीच शक्यता जास्त.

आणि खरं सांगायचं तर झडपेवर गोळा तयार झालेली कोंबडी औषधाने क्वचितच सावरते. फायब्रिनच्या (रक्त गोठवणाऱ्या धाग्यांच्या) जाळ्यात दडलेल्या जंतूंपर्यंत औषध पुरेसं पोचत नाही. उपचार असतो तो अजून न लागलेल्यांसाठी.

म्हणून वाट शोधा: जंतू रक्तात शिरला कुठून? मी आधी पाय उलटे करून तळवे बघतो. ओल्या लिटरमुळे (जमिनीवर पसरलेल्या भुशामुळे) किंवा स्लॅटच्या (पट्ट्यांच्या जाळीदार फरशीच्या) धारदार कडेमुळे झालेले फोड हे नेहमीचं दार. मग माद्यांची पाठ आणि मांड्या. नर जास्त झाले किंवा त्यांच्या नख्या वाढल्या की ओरखडे तिथेच दिसतात. लसीची सुई किती पक्ष्यांनंतर बदलली, हे शेडवाल्यांना न रागावता विचारा, नाहीतर खरं उत्तर मिळत नाही. आतडंही उघडा. कॉक्सिडिओसिसने (आतड्यातल्या परजीवींच्या रोगाने) सोललेल्या आतड्यातून एन्टेरोकॉकस सहज आत जातो.

उबवणीला जमिनीवरची, विष्ठा लागलेली अंडी देऊ नका. हेच जंतू कवचावरून आत गेले तर पिल्लांना पहिल्याच आठवड्यात बेंबीचा आणि बलकपिशवीचा संसर्ग होतो. नोंदवहीत मी आता ‘अचानक मृत्यू’च्या शेजारी एक रकाना वाढवला आहे: डावी झडप, महाधमनीची झडप, तळवे.