आपली द्राक्षं कोणत्या देशात चालतील, हे कसं ठरवायचं

निफाड तालुक्यातल्या एका पॅकहाऊसवर मी निर्यातीचं काम बघते. ऑक्टोबरच्या गोड्या छाटण्या, म्हणजे फळासाठीच्या छाटण्या, उरकत आल्या की नव्या शेतकरी कंपन्यांचे संचालक भेटायला येतात, आणि बहुतेकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "ताई, यंदा भाव कुठं आहे?" मी त्यांना हा प्रश्न जरा मागे ठेवायला सांगते. भाव असेल तिकडे सगळेच धावणार. कोणत्या देशाची अट बाकीच्यांना जड जाते आणि आपल्याला मात्र ती अंगवळणी पडली आहे, हे आधी शोधा. तिथे गर्दी कमी असते आणि टिकायची शक्यता जास्त.

त्यासाठी एक मोठा कागद घ्या आणि मधोमध रेघ मारा. डावीकडे आपली ताकद लिहा. 'उत्तम दर्जा' असं काही लिहू नका, त्यातून आयातदाराला काहीच कळत नाही. मोजता येईल तेवढंच लिहा. कोणत्या जातीचे किती एकर, छाटणी कोणत्या आठवड्यात, मणी किती मिलिमीटरचा, फवारणीची नोंदवही एप्रिलच्या खरड छाटणीपासून (फळ काढून झाल्यावर वेल नव्याने फुटायला करतात ती) भरलेली आहे का, शून्य अंशाच्या आसपास माल किती दिवस टिकतो, स्वतःचं प्रीकूलिंग (काढलेला माल लगेच गार करायची सोय) आहे की भाड्याचं, आणि पैसे दोन-तीन महिने अडकले तर सभासदांना उचल देता येईल का. हा शेवटचा मुद्दा जरूर लिहा. देश निवडताना तो भावापेक्षा जास्त वेळा कामी येतो.

उजवीकडे देशांच्या अटी लिहा, पण ऐकीव माहितीवर नको. ताज्या द्राक्षांचा एचएस कोड, म्हणजे जगभर चालणारा मालाचा सीमाशुल्क क्रमांक, ०८०६१० आहे. तो टाकून 'ट्रेड मॅप' या आयात-निर्यातीच्या आकड्यांच्या संकेतस्थळावर बघा की तो देश कोणाकडून किती माल घेतो. महिनावार आकडे मिळाले तर तेही बघा. मग त्या देशाचं आयातशुल्क बघा, आपल्याला आणि आपल्या स्पर्धकाला वेगवेगळं लागतं का तेही. युरोपसाठी आणखी एक काम करा: आरएएसएफएफ ही युरोपीय महासंघाची अन्नसुरक्षेच्या इशाऱ्यांची यादी कोणालाही पाहता येते. कोणत्या देशाचा कोणता माल कशामुळे अडला, हे तिथे दिसतं. दुसऱ्याचा कंटेनर कुठे अडकतो हे वाचत गेलं की आपली ताकद नेमकी कुठे उपयोगी पडेल ते उमगतं.

आता डावी-उजवी जुळवायची. सटाण्याकडचं उदाहरण घ्या. तिकडच्या बागलाण भागात बरेच शेतकरी पावसाळ्यातच छाटणी घेतात. जोखीम मोठी असते, फुलोऱ्यात पाऊस आला तर घड कुजतात. पण ज्याची बाग तगते त्याचा माल डिसेंबरात, नाताळच्या तोंडावर रशियाला आणि दुबईला जातो, निफाड-दिंडोरीचा माल यायच्या आधी. तिथे ताकद कॅलेंडरची आहे. तीच द्राक्षं मार्चमध्ये आली असती तर त्यांना कोणी विशेष विचारलं नसतं.

निफाड-दिंडोरीच्या मालाचं गणित वेगळं. आपला हंगाम जानेवारी ते एप्रिल, आणि याच काळात दक्षिण आफ्रिका आणि चिलीचा मालही युरोपात असतो. तेव्हा नुसतं 'आमच्याकडे द्राक्षं आहेत' म्हणून भागत नाही. इथे कामाला येते ती नोंदवही. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराईडच्या अवशेषांमुळे आपले कंटेनर युरोपात अडकले आणि निर्यातदारांसह शेतकऱ्यांचं मोठं नुकसान झालं. हे संजीवक वेलीची वाढ रोखायला मारतात, घड दिसायच्या कितीतरी आधी, तरीही ते मण्यात सापडलं. म्हणून काढणीआधीचा एक लॅब रिपोर्ट चांगला आला म्हणजे आपण युरोपजोगे झालो, असं धरू नका. ज्या औषधाची वेगळी मर्यादा ठरलेली नाही, त्याला युरोपात किलोमागे ०.०१ मिलिग्रॅमचा नियम लागतो. काही जर्मन सुपरमार्केट तर कायद्याच्या मर्यादेच्या एक तृतीयांशच अवशेष चालवून घेतात. अपेडा या केंद्राच्या निर्यात संस्थेच्या ग्रेपनेट या ऑनलाइन नोंदणीवर युरोपला पाठवणारे सगळेच प्लॉटची नोंद करतात. पण ज्यांच्या सभासदांनी एप्रिलपासूनची प्रत्येक फवारणी तारखेसह लिहिली आहे, त्यांनी जर्मनीचा विचार करावा. ही अट त्यांना कुंपणासारखी राखते.

अटी एका हंगामातही बदलतात. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली. न्हावा शेवा ते रॉटरडॅमचा प्रवास दहा-पंधरा दिवसांनी लांबला. देश तोच, खरेदीदार तोच, पण आता टिकाऊपणा आधी बघावा लागतो. तो असा तपासा. प्रत्येक लॉटच्या दोन-तीन पेट्या आपल्याच कोल्ड स्टोअरेजमध्ये ठेवून द्या, तोच पनेट (प्लास्टिकचा छोटा डबा), तोच ग्रेप गार्ड पॅड (बुरशी रोखायला पेटीत ठेवतात तो गंधकाचा कागद). जहाज पोचेल त्या दिवशी त्या उघडा. आधी देठ बघा: हिरवा आहे, की तपकिरी होऊन काडीसारखा मोडतो? घड उचलून हलकेच झटका, किती मणी गळतात ते मोजा. देठाजवळ मणी पांढरट पडला असेल तर पॅडमधला गंधक जास्त सुटला. मण्यावरून अंगठा फिरवा, साल सुटून सरकली तर बुरशीची सुरुवात आहे. मग पेटी दोन दिवस बाहेर ठेवून पुन्हा बघा, कारण दुकानात ती तशीच राहणार आहे. आयातदाराचा तक्रारीचा मेल आला तर त्याच्या फोटोशेजारी ठेवायला तुमचेही फोटो हवेत. एवढ्या दिवसांत माल दम सोडत असेल, तर युरोपचं नाव त्या वर्षापुरतं खोडा. त्यात कमीपणा नाही.

जवळचे बाजार आहेतच. आखातात माल लवकर पोचतो, आणि येती काही वर्षं रमजान आपल्या हंगामात येतो आहे: २०२६ मध्ये फेब्रुवारीच्या मध्यानंतर, २०२७ मध्ये त्याहून दहा-अकरा दिवस आधी. काढणीचं वेळापत्रक त्याला जुळवता आलं तर उत्तम. बांगलादेश मोठा माल उचलतो, पण तिथलं शुल्क भारी आहे, आणि ते वाढलं की पिंपळगावच्या बाजारातल्या भावाला लगेच झळ लागते. ट्रक पटापट भरायची ताकद असेल तर तिकडे जा, पण सगळा माल एकाच सीमेवर नेऊ नका.

पैशाचं आधीच बोलून घ्या. कन्साइनमेंटवर माल पाठवला तर विक्री होऊन, खर्च वजा होऊन जे उरेल ते तुमचं. आयातदाराशी किमान हमीभाव ठरवून घेतला तर भाव थोडा कमी दिसतो, पण तळ पक्का असतो. उचल द्यायची ताकद नसलेल्या कंपनीने पहिल्या वर्षी हमीच घ्यावी आणि ईसीजीसी या सरकारी कंपनीचा, परदेशातले पैसे बुडाले तर भरपाई देणारा विमाही काढावा.

हा कागद मांडायची वेळ ऑक्टोबर नाही, मार्चअखेर आहे. खरड छाटणीच्या आधी सगळ्या सभासदांना बसवा, ज्या प्लॉटसमोर युरोप लिहिलं त्यांना चालणाऱ्या औषधांची यादी त्याच दिवशी हातात द्या, आणि ज्यांना ती पाळणं जमणार नाही त्यांचे प्लॉट तेव्हाच आखाताच्या रकान्यात टाका.