मधुमेह-संशोधनाची फेलोशिप : अर्जाआधीच्या वर्षाची तयारी

ब्रिटनच्या एनएचएसमध्ये, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत, मधुमेह व एंडोक्रिनॉलॉजीचे (संप्रेरकांच्या विकारांचे) उच्च प्रशिक्षण घेत असताना ज्यांना पुढे संशोधन आणि अध्यापनाकडे वळायचे आहे (आणि त्यांत आपले मराठी डॉक्टरही आहेत), त्यांच्यासाठी डायबिटीस यूके या धर्मादाय संस्थेची सर जॉर्ज अल्बर्टी यांच्या नावाची रिसर्च ट्रेनिंग फेलोशिप म्हणजे पीएचडीचा राजमार्ग आहे. मात्र अर्जाचा फॉर्म उघडल्यावर तयारीला लागणाऱ्याला उशीर झालेलाच असतो; किमान वर्षभर आधी कामाला लागावे.

सर्वप्रथम प्रश्न पक्का करावा. ‘दक्षिण आशियाई लोकांमधील मधुमेह’ हा विषय झाला, प्रश्न नव्हे. याच संस्थेने पैसा पुरवलेल्या ‘डायरेक्ट’ चाचणीत कमी उष्मांकाचा आहार घेतलेल्यांपैकी ४६ टक्के रुग्ण वर्षाअखेर रेमिशनमध्ये गेले, म्हणजे औषधांशिवाय त्यांची साखर मधुमेहाच्या पातळीखाली आली, पण त्या चाचणीतील जवळजवळ सगळे रुग्ण श्वेतवर्णीय होते. दुसरीकडे, पुण्याजवळच्या खेड्यांत सरासरी २.७ किलो वजनाची नवजात बाळे साउदॅम्प्टनच्या ३.५ किलोच्या बाळांहून हडकुळी असूनही त्यांच्या पाठीवरची त्वचेखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती, असे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने दाखवले. ही दोन टोके जोडून ‘मुळातच सडपातळ असलेल्या रुग्णाचे वजन किती घटले म्हणजे यकृतातील चरबी उतरते’ असे विचारले, की एमआरआयने मोजता येईल असा, तीन वर्षांत एका माणसाच्या हातून पुरा होणारा प्रश्न हाती येतो.

सुपरवायझरची निवड त्यांच्या शोधनिबंधांच्या संख्येवर करू नये. त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांना गाठून प्रबंध वेळेत पुरे झाले का आणि पेपरवर पहिले नाव कोणाचे लागले, एवढे दोन प्रश्न विचारावेत.

सोप्या भाषेतील सारांश शेवटच्या रात्री लिहिण्याची चूक बहुतेक जण करतात, आणि मीही केली होती. डायबिटीस यूकेकडे आलेले अर्ज मधुमेहासह जगणाऱ्या लोकांचे सल्लागार मंडळही वाचते, याचा मला विसर पडला होता. पुढच्या खेपेला तीस वर्षे इन्सुलिन घेणाऱ्या एका बाईंना मसुदा दाखवला, तेव्हा त्यांनी हिरव्या पेनने अकरा शब्दांभोवती गोल केले आणि समासात लिहिले, ‘दिवसातून सात वेळा बोट टोचायचे, तेही नोकरी सांभाळून?’ त्या एका ओळीमुळे आराखड्यात बोट न टोचता साखर मोजणारा सेन्सर आला आणि खर्चाचा तक्ता नव्याने मांडावा लागला.

हा तक्ता विद्यापीठाच्या वित्त विभागाकडून तपासून यायला दिवस लागतात, म्हणून तो लवकर पाठवावा. प्रशिक्षणातून संशोधनासाठी बाहेर पडण्याची, प्रशिक्षणावर देखरेख करणाऱ्या डीनची मंजुरीही सहा महिने हाताशी ठेवून मागावी, आणि सीसीटीची (प्रशिक्षण पुरे झाल्याच्या प्रमाणपत्राची) तारीख किती पुढे जाईल हे तेव्हाच लेखी घ्यावे. ऑन-कॉलचे पैसे सहसा बंद होतात, तेव्हा घरचा हिशेब आधीच मांडावा. स्किल्ड वर्कर व्हिसा ट्रस्टच्या (रुग्णालय चालवणाऱ्या एनएचएस संस्थेच्या) नावावर असून पगार विद्यापीठाकडून होणार असेल, तर रुजू होण्यापूर्वी नवे स्पॉन्सरशिप सर्टिफिकेट आणि नवा अर्ज लागतो. ही गोष्ट सुपरवायझरच्या ध्यानात असेलच असे नाही. नैतिकता समितीची परवानगी आणि जीसीपीचे (रुग्णांवरील संशोधनाच्या नियमांच्या प्रशिक्षणाचे) प्रमाणपत्र यांबद्दल निराळे सांगायला नको.

मुलाखतीची तालीम मधुमेहाशी संबंध नसलेल्या एखाद्या प्राध्यापकांसमोर करावी, कारण ते हमखास विचारतात की पुरेसे रुग्ण मिळाले नाहीत तर काय करणार. त्याचे उत्तर क्लिनिकच्या नोंदी स्वतः चाळून तयार ठेवावे. महिन्याला निकषांत बसणारे बारा रुग्ण मिळतील असे मी अंदाजाने सांगत होतो. नोंदी मोजल्या तेव्हा ते पाच निघाले, आणि दुसरे रुग्णालय जोडून घेण्याचे पत्र त्याच आठवड्यात धाडावे लागले.