अनोळखी माणसांशी जोडणाऱ्या ॲपवर मुलांना सुरक्षित कसे ठेवावे

पालकसभांमध्ये हमखास ऐकू येणारा सल्ला म्हणजे ‘मुलांच्या हाती फोनच देऊ नका.’ पुण्यात क्लासचे वेळापत्रक आणि शाळेच्या सूचना व्हॉट्सॲपवर येतात, आणि हिंजवडीहून आईवडील परतेपर्यंत कोथरूडच्या घरात मुलांजवळ आजीआजोबांचा का होईना, पण फोन असतोच. त्यामुळे हा सल्ला बाजूला ठेवून पुढील कामाला लागावे.

आधी मुलाला शेजारी बसवून, त्याच्या डोळ्यांदेखत फोनमधील ॲप पाहावीत. इन्स्टाग्राम आणि स्नॅपचॅटवर थांबू नये. रोब्लॉक्स आणि बीजीएमआय हे ऑनलाइन खेळ, तसेच खेळाडूंच्या गप्पांचे डिस्कॉर्ड हे ॲपही पाहावे, कारण खेळताना होणारे बोलणेही अनेकदा अनोळखी माणसांशी असते. ज्या ॲपचा हेतूच अपरिचित व्यक्तीशी थेट व्हिडिओवर गाठ घालून देणे हा आहे, ते सरळ काढून टाकावे. अशी गाठ घालून देणारे ओमेगल हे संकेतस्थळ नोव्हेंबर २०२३ मध्ये बंद झाले, तरी त्याच धर्तीची ॲप आजही सहज मिळतात.

उरलेल्या ॲपमध्ये खाते खाजगी करावे, अनोळखी व्यक्तींचे संदेश बंद करावेत आणि स्नॅपचॅटच्या नकाशावर मुलाचे ठिकाण लपवणारा ‘घोस्ट मोड’ लावावा. जन्मवर्ष मात्र आवर्जून तपासावे. मुलांनी खाते उघडताना वय वाढवून सांगितले असेल, तर अल्पवयीनांसाठी इन्स्टाग्रामने लावलेली बंधने त्या खात्याला लागू होतातच असे नाही, आणि सारे काही सुरक्षित असल्याच्या समजुतीत पालक राहतात.

आता खरा अवघड टप्पा, ज्यावर मलाही बराच काळ झगडावे लागले: काही विपरीत घडले तर मुलाने ते घरी सांगावे, याची तजवीज करणे.

मुलांना जाळ्यात ओढणारा माणूस पहिल्या दिवशी फोटो मागत नाही. तो खेळात मदत करतो, खेळातील चलन भेट देतो, कौतुक करतो; मग ‘इथे नको, टेलिग्रामवर बोलू’ म्हणतो आणि त्यानंतर ‘घरी सांगू नकोस’ असे बजावतो. पुढे फोटो हाती आला की त्याची सगळी ताकद एकाच धमकीत असते: ‘तुझ्या आईवडिलांना पाठवीन.’ ही धमकी चालते, कारण घरी कळल्यावर आपले काय होईल याची मुलाला त्या माणसापेक्षा अधिक भीती वाटत असते. म्हणून ‘काहीही झाले, तुझ्या हातून काहीही घडले असले, तरी तू सांगितलेस म्हणून मी फोन काढून घेणार नाही आणि ओरडणार नाही’ हे वचन मुलाला संकट येण्याआधी, स्पष्ट शब्दांत द्यावे.

हे वचन केवळ आईने देऊन भागत नाही. घरात ज्या व्यक्तीच्या रागाची सर्वांना धास्ती असते, मग ते वडील असोत की आजोबा, त्या व्यक्तीने ते स्वतःच्या तोंडाने द्यायला हवे. गप्प बसताना मूल त्याच रागाचा अंदाज बांधत असते. शिवाय या वचनाची परीक्षा किरकोळ प्रसंगी होते. ‘मी एका अनोळखी मुलाची रिक्वेस्ट स्वीकारली’ असे मुलीने सहज सांगितले आणि तुम्ही तिथेच आवाज चढवलात, तर मोठी गोष्ट ती तुम्हाला कधीही सांगणार नाही. अशा वेळी ‘असे का केलेस?’ हा प्रश्न गिळावा आणि ‘मग पुढे तो काय म्हणाला?’ असे विचारावे. तुम्हाला सांगणे फारच कठीण वाटले तर कोणाकडे जायचे, ती मावशी किंवा काका मुलाच्या पसंतीने आधीच ठरवावेत आणि त्यांनाही तसे सांगून ठेवावे.

चोरून संदेश वाचण्याच्या मी ठाम विरोधात आहे. हेरगिरी उघडकीस आली की मूल दुसरे खाते काढते आणि त्या खात्याची तुम्हाला खबरही लागत नाही. आठवड्यातून एकदा, सांगून आणि सोबत बसून पाहावे.

धमकी आलीच, तर पैसे देऊ नयेत आणि मूल असल्याचे भासवून स्वतः त्या माणसाशी बोलत बसू नये. ब्लॉक करण्यापूर्वी धमकीचे संदेश, त्याचे प्रोफाइल आणि युजरनेम यांचे स्क्रीनशॉट घ्यावेत. संभाषण पुसू नये. मुलाचा आक्षेपार्ह फोटो मात्र पुरावा म्हणूनही नातेवाइकांना किंवा सोसायटीच्या ग्रुपवर पाठवू नये, कारण माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ ब नुसार तो पुढे पाठवणे हाच गुन्हा आहे. फोन आहे तसा पोलिसांना दाखवावा.

राष्ट्रीय सायबर गुन्हे तक्रार संकेतस्थळावर महिला व बालकांविषयीच्या तक्रारींसाठी वेगळा विभाग आहे. पुणे शहराचे सायबर पोलीस ठाणेही आहे, परंतु जवळच्या पोलीस ठाण्यातही तक्रार देता येते. पैसे गेले असतील तर तत्काळ १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, आणि मूल घाबरलेले असेल तर १०९८ या बालकांच्या हेल्पलाइनवर फोन करावा. पीडित मूल १८ वर्षांखालील असल्याने बालकांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा पॉक्सो कायदा, २०१२ लागू होऊ शकतो, हे तक्रार देताना नमूद करावे. फोटो पसरण्याची भीती असेल, तर ‘टेक इट डाउन’ ही विनामूल्य सेवा वापरावी. तीत फोटो फोनबाहेर जात नाही, केवळ त्याची डिजिटल ओळखखूण सहभागी ॲपना दिली जाते. तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवावा, आणि घडलेला प्रसंग मुलाला प्रत्येक नातेवाइकासमोर पुन्हा सांगायला लावू नये.