हातघडणीचा कोयता तुटला? वाद घालण्याआधी या चुका टाळा

ट्रकच्या जुन्या कमानपाट्यापासून (चाकांवरच्या स्प्रिंगच्या पोलादी पट्टीपासून) घडवलेले कोयते आणि जाड पाठीचे सुरे आता आठवडी बाजाराइतकेच फोनवरूनही विकले जातात. सोबत 'लाइफटाइम गॅरंटी' लिहिलेली असते. पुढे एक दिवस धारेचा टवका उडतो. गिऱ्हाईक म्हणतं, पाणी नीट दिलं नव्हतं, म्हणजे तापलेलं पातं झटकन थंड करून कडक करण्याचं काम नीट झालं नव्हतं. कारागीर म्हणतो, तुम्ही दगडावर मारला असेल. कोण खरं बोलतंय हे बहुतेक वेळा तुटलेलं पातंच सांगतं, पण तक्रार करायच्या आधीच आपण तो पुरावा घासून टाकतो.

तुटलेल्या जागी लगेच धार लावणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. टवका उडाला की माणूस पातं घेऊन ग्राइंडरवाल्याकडे जातो. तिथे तुटीची खूण जाते आणि वर नवीन दोष शिरतो. ग्राइंडरखाली धार निळी पडली, तर तिथलं लोखंड साधारण ३०० अंशांपर्यंत तापलं असं समजा. तेवढा पट्टा नरम होतो आणि चार घावांत मुडपतो. त्यानंतर कारागिराला दोष देणं अन्यायाचं आहे.

पातं आहे तसं ठेवा आणि नीट बघा. ओल्या फांदीवरही सगळी धार लांबवर मुडपत असेल आणि निळेपणा कुठेच नसेल, तर पाणी कमी चढलं किंवा नंतरचा ताव (कडकपणा थोडा उतरवण्यासाठी पुन्हा हलकं तापवणं) जास्त झाला. धारेवर कानस हलकेच फिरवा. ती सहज चावली तर लोखंड नरम आहे, घसरली तर कडक आहे.

टवक्यांचंही तसंच. एकाच जागी अर्धचंद्र उडालाय आणि शेजारी ओरखडे आहेत, तर दगड, खिळा किंवा तार लागली आहे. ओरखडा नसलेला एकच मोठा अर्धचंद्र असेल, तर अडकलेलं पातं आडवं पिळून काढलं असण्याची शक्यता जास्त. मात्र धारेच्या लांबीभर बारीक टवके उडत असतील, तर पाणी दिल्यावर ताव देऊन कडकपणा उतरवायचा राहिलाय किंवा धार कामाच्या मानाने फार पातळ ठेवलीय.

पात्याचे दोन तुकडेच झाले, तर तुटीचा पृष्ठभाग उजेडात धरा. करडा, मऊसर, बारीक पोत दिसला तर निदान भट्टीत लोखंड जाळलेलं नाही. साखरेसारखे चमकणारे ठसठशीत दाणे दिसले तर ते जास्त तापवलं गेलंय, आणि ही चूक घडवणाऱ्याचीच. तुटीचा एक कोपरा काळा किंवा गंजका आणि बाकीचा भाग ताजा, तर तडा आधीपासून होता. तो पाणी देताना पडला असेल किंवा वर्षानुवर्षं ओझं वाहिलेल्या जुन्या पाट्यातच लपलेला असेल. गिऱ्हाइकाला तो दिसणं शक्य नव्हतं, म्हणून जबाबदारीही त्याची नाही. पण उघडी तूट दमट हवेत एका रात्रीतही गंजते. तेव्हा त्याच दिवशी फोटो काढा. तुकडे एकमेकांना जुळवून बघू नका, तुटीला बोट किंवा तेल लावू नका. कोरड्या कागदात वेगवेगळे गुंडाळून ठेवा.

मुठीजवळ तुटलं असेल तर आणखी एक गोष्ट तपासा. पातं जिथे अरुंद होऊन मुठीत शिरतं, तिथला कोपरा गोलसर असायला हवा. तो काटकोनात कापलेला असेल तर प्रत्येक घावाचा ताण तिथेच साचतो. तिथे वेल्डिंग केलेलं असेल तर त्याच्या कडेचं पोलादही ठिसूळ होतं. अशी बनावट मला जड कामासाठी मुळीच मान्य नाही, मग पातं कितीही देखणं असो.

काम न सांगता घेणं

'सगळ्याला चालेल' असं पातं नसतं. भाजी-मासळीच्या सुरीची धार प्रत्येक बाजूने १५ अंशांच्या आसपास ठेवली तर छान चालते. नारळ, बांबूची पेरं किंवा वाळलेली बाभूळ तोडायची तर २० ते २५ अंशांची धार आणि जाड पाठ लागते. हाडं फोडायची असतील तर तेही स्पष्ट सांगा. घेताना मेसेजमध्ये काम लिहून पाठवा आणि 'चालेल' हे उत्तर जपून ठेवा. पुढे वाद झाला तर पहिला कागद तोच.

लाकूड फोडताना पाठीवर लोखंडी हातोडा मारू नका, लाकडी ठोकणी घ्या. मुठीत पाइप घालून लांबी वाढवू नका. काळपट डाग आणि हलका गंज हा साध्या पोलादाचा स्वभाव आहे, दोष नाही. मात्र स्टेनलेस म्हणून विकलेलं पातं लगेच गंजू लागलं, तर तक्रार रास्त आहे.

मूठ सैल झाली की पाण्यात भिजवायची सवय सोडा. लाकूड फुगून घट्ट वाटतं, वाळलं की आणखी सैल पडतं. पावसाळ्यात ओलसर लाकडाची बसवलेली मूठ उन्हाळ्यात हलणारच. ती कारागिराने बदलून द्यावी, आणि बहुतेक जण देतातही.

बिल न घेता गॅरंटीवर विसंबणं

गॅरंटी म्हणजे नेमकं काय, हे विचारा: धार लावून देणार, पातं बदलणार की पैसे परत? कुरिअरचा खर्च कोणाचा? कारागिरांनाही माझं कळकळीचं सांगणं आहे की हे दोन ओळींत लिहून द्या. पुरेशी चाचणी न करता वस्तूच्या टिकाऊपणाची हमी देणं २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा ठरतं. बिल न देणंही त्यातच येतं. बिलावर मुदत लिहिलेली नसेल, तर सदोष माल ३० दिवसांत परत घेऊन पैसे देण्यास नकार देणं हीसुद्धा अनुचित प्रथाच. त्यामुळे नवीन पातं महिनाभर गुंडाळून ठेवू नका, लगेच कामाला लावा.

पहिला फोन कारागिरालाच करा. तडा नसेल आणि लोखंड शिल्लक असेल, तर तो पुन्हा तापवून पाणी देऊ शकतो. तिथे दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. दोन वर्षांच्या आत जावं लागतं, आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला दाखल करण्याचं शुल्क नाही. स्वतःच्या पोटापाण्यासाठी कोयता वापरणारा माणूसही कायद्याने ग्राहकच आहे. दोष नुसता बघून कळत नसेल तर आयोग नमुना प्रयोगशाळेत पाठवू शकतो. म्हणून कारागिराने 'तुकडे पाठवा' म्हटलं, तर आधी दोन्ही बाजूंचे फोटो काढा, कुरिअरची पावती घ्या, आणि शक्य असेल तर स्वतःच घेऊन जा, म्हणजे तूट दोघांनाही एकत्र बघता येईल.