इंग्रजीतील प्रिपोझिशन ओळखण्याची आणि वापरण्याची रीत

बेळगाव, खानापूर किंवा निपाणीच्या मराठी शाळेत शिकणारे मूल मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषा ऐकत मोठे होते, आणि या दोन्ही भाषांत स्थळकाळाचा संबंध दाखवणारा शब्द किंवा प्रत्यय नामाच्या नंतर येतो. आपण ‘टेबलावर’ म्हणतो, कन्नडमध्ये ‘मेजिन मेले’ म्हणतात; इंग्रजीत मात्र ‘ऑन द टेबल’ असा संबंध दाखवणारा शब्द, म्हणजेच प्रिपोझिशन, आधी येतो व वस्तू नंतर. क्रमातील हा फरक मुलांच्या लवकर अंगवळणी पडतो. खरी चूक होते ती ‘-वर म्हणजे ऑन’, ‘-ला म्हणजे टु’ अशा पाठ केलेल्या जोड्यांमुळे.

म्हणून सुरुवात सुट्या शब्दापासून न करता शब्दसमूहापासून करावी. प्रिपोझिशन आणि त्याच्या पुढचे नाम किंवा सर्वनाम, मधल्या विशेषणांसह, मिळून प्रिपोझिशनल फ्रेज होते. ‘द फार्मर्स फ्रॉम द व्हिलेजेस नियर खानापूर सेल राइस इन द मार्केट ऑन संडे’ हे वाक्य घ्यावे आणि प्रत्येक समूहाखाली पेन्सिलीने रेघ ओढावी. ‘फ्रॉम द व्हिलेजेस नियर खानापूर’ हा समूह कोणते शेतकरी ते सांगतो, म्हणजे विशेषणाचे काम करतो. त्याच्या पोटात ‘नियर खानापूर’ हा आणखी एक समूह आहे. ‘इन द मार्केट’ आणि ‘ऑन संडे’ हे कोठे व केव्हा या प्रश्नांची उत्तरे देतात, म्हणून ते क्रियाविशेषणाचे काम करतात. रेघा ओढलेला भाग झाकला की ‘द फार्मर्स सेल राइस’ एवढाच सांगाडा उरतो. या सवयीचा दुसरा लाभ असा की क्रियापदाचे वचन चुकत नाही: ‘द रोड टु द व्हिलेजेस इज नॅरो’ या वाक्यात कर्ता रस्ता आहे, गावे नव्हेत, म्हणून ‘इज’.

प्रिपोझिशननंतर सर्वनाम आले तर ‘ही’ न लिहिता ‘हिम’ लिहावे (‘विथ हिम’), आणि क्रियापद आले तर त्याचे ‘-इंग’ रूप करावे, जसे ‘आफ्टर फिनिशिंग द वर्क’.

काळाच्या बाबतीत मोठ्या मुदतीला ‘इन’, नेमक्या दिवसाला ‘ऑन’ आणि घड्याळातील वेळेला ‘ॲट’ येते. बेळगावचे अधिकृत नाव ‘बेळगावी’ झाले, हे ‘इन २०१४’ किंवा ‘इन नोव्हेंबर २०१४’ असे सांगता येते, पण तारीख दिली की ‘ऑन १ नोव्हेंबर २०१४’ म्हणावे लागते. ‘इन द मॉर्निंग’ बरोबर असले तरी वार जोडताच ते ‘ऑन संडे मॉर्निंग’ होते, रात्रीला मात्र ‘ॲट नाइट’.

सर्वांत जास्त लक्ष मराठी प्रत्ययांच्या सावलीकडे द्यावे. ‘पासून’ हा एकच शब्द आपण आरंभबिंदू आणि मुदत या दोहोंसाठी वापरतो, इंग्रजीत मात्र ‘सिन्स २०१४’ आणि ‘फॉर टू इयर्स’ असा भेद आहे. ‘सिन्स टू इयर्स’ ही चूक शिकलेल्या माणसांच्या अर्जांतही आढळते. ‘तो माझ्यावर रागावला आहे’ याचे ‘अँग्री ऑन मी’ होत नाही, ‘अँग्री विथ मी’ होते. ‘तिच्याशी लग्न झाले’ येथे ‘मॅरिड विथ हर’ नव्हे, ‘मॅरिड टु हर’. खानापूरच्या बसमध्ये बसलेला माणूस ‘ऑन द बस’ असतो, मोटारीत बसला की ‘इन द कार’. अशा ठिकाणी नियम शोधण्यात वेळ घालवू नये असे माझे मत आहे. क्रियापद किंवा विशेषण त्याच्या प्रिपोझिशनसह, पूर्ण वाक्यात, वहीत उतरवून ठेवावे. त्याच वहीत एक पान प्रिपोझिशन न घेणाऱ्या क्रियापदांसाठी राखावे: ‘मी त्याला विचारले’ हे ‘आय आस्क्ड हिम’ होते, त्यात ‘टु’ नाही, ‘डिस्कस’नंतर ‘अबाउट’ येत नाही, आणि ‘एंटर्ड द रूम’ म्हणताना ‘इनटु’ लागत नाही.